विमानाचे दोन तास आणि आपले अकरा तास

आम्ही माण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या दहा जणी. आज आम्ही पापडाबद्दल बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याबद्दलही नाही. आज बोलायचंय विमानाच्या प्रवासाबद्दल. हसू नका. आम्हीही आधी हसायचो. विमान म्हणजे आभाळात पांढरी रेघ ओढत जाणारं काहीतरी, भांगलताना मान वर करून बघायचं आणि परत खुरपं हातात घ्यायचं, एवढाच आमचा त्याचा संबंध होता. पण मागल्या जानेवारीच्या आदल्या जानेवारीत एका रात्रीत आम्हाला विमानाचा हिशेब शिकावा लागला. तो चुकला. कसा चुकला ते सांगतो, म्हणजे तुमचा चुकणार नाही.

आमच्या गटातल्या एकीचे मालक फौजेत आहेत. आपल्या सातारा जिल्ह्यात हे काही नवल नाही, गावोगावी घरटी माणूस फौजेत आहे. त्या दिवशी संध्याकाळी 7 वाजता तिला फोन आला. गाडी उलटून अपघात झालाय, दिल्लीच्या लष्करी इस्पितळात आणलंय, उद्या दुपारनंतर ऑपरेशन आहे, येऊ शकत असाल तर या. ती फोन हातात धरून आमच्याकडे आली तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं. तासाभरात आम्ही सगळ्या तिच्या ओसरीवर जमलो.

तिचा दीर म्हणाला, "वैनी, घाबरू नका. पुण्यातनं इमानानं दोन तासात दिल्ली." शेजारचे दोघं-तिघं पण तेच म्हणाले. दोन तास. सगळ्यांना धीर आला. दोन तास म्हणजे आपण दहिवडीहून साताऱ्याला जाऊन पोचतो तेवढ्यात दिल्ली! मोबाइलवर तिकीट बघितलं. पहाटे 5 वाजून 40 मिनिटांचं विमान होतं. गटाच्या पेटीतून पैसे काढले, ती आणि सोबत आमच्यातली एक, अशी दोघींची तिकिटं काढली.

आता आमचा त्या रात्रीचा हिशेब ऐका. जीपने फलटण, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट उतरून हडपसर आणि तिथून लोहगाव. रात्रीची वेळ, रस्ता मोकळा, सव्वातीन तास लागतील. 1 वाजता निघालो तर सव्वाचारला पोचू. विमान 5.40 ला. म्हणजे जवळजवळ दीड तास हातात. आम्हाला वाटलं, एसटी स्टँडवर पण आपण एवढं आधी जात नाही, इथे दीड तास म्हणजे चैन झाली.

बारा वाजता कुणाच्या तरी लक्षात आलं, आधार कार्ड घेतलं का? घेतलं. पण त्यावर तिचं नाव माहेरचं. दिराने तिकीट काढलं ते सासरच्या नावाने. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एक नसेल तर विमानतळाच्या दारातच अडवतात. मग फोन लावा, थांबा, परत लावा, नाव दुरुस्त करून घ्या. त्यात अर्धा तास गेला. निघायला दीड वाजला. दिवे घाटात एक ट्रक बंद पडून आडवा झाला होता, तिथे 25 मिनिटं गेली. लोहगावला पोचलो तेव्हा 5 वाजून 10 मिनिटं झाली होती.

विमान तिथेच होतं. काचेतून दिसत होतं. सुटायला अर्धा तास होता. पण बॅगा घेणारी खिडकी 4 वाजून 40 मिनिटांनीच बंद झाली होती. तिथल्या मुलीने सांगितलं, एक तास आधी खिडकी बंद होते, तिकिटावर लिहिलेलं आहे. होतं लिहिलेलं, बारीक अक्षरात. आम्ही त्यावर सुटायची वेळ तेवढी वाचली होती.

मग दुसरं तिकीट काढलं, साडेदहाचं. ऐनवेळचं तिकीट, आणखी महाग. हे विमान दिल्लीहून यायचं आणि तेच परत दिल्लीला जायचं. जानेवारीचा महिना. दिल्लीत धुकं. तिकडून विमान उडेना, म्हणून इकडे येईना. अखेर 1 वाजून 10 मिनिटांनी निघालं आणि 3.20 ला दिल्लीत उतरलं.

तिला न्यायला मालकांच्या तुकडीतला एक जवान येणार होता. आम्ही त्याला फोनवर सांगितलं होतं, "विमानतळावर या." दिल्लीच्या विमानतळाला एकापेक्षा जास्त टर्मिनल आहेत आणि टर्मिनल 1 हे टर्मिनल 3 पासून काही किलोमीटर लांब, वेगळ्या रस्त्यावर आहे, हे आम्हाला कुठे ठाऊक! तो एकीकडे उभा, या दोघी दुसरीकडे. शोधाशोधीत 40 मिनिटं गेली. इस्पितळात पोचल्या तेव्हा 4 वाजून 50 मिनिटं झाली होती. सव्वाचारला त्यांना ऑपरेशनला आत नेलं होतं.

पस्तीस मिनिटं, मैत्रिणींनो. पस्तीस मिनिटांनी चुकामूक झाली.

ऑपरेशन नीट झालं, हे आधीच सांगून टाकतो, तुमचा जीव टांगणीला नको. ते आज घरी आहेत, काठी घेऊन चालतात, रोज संध्याकाळी पारावर येऊन बसतात. पण ती त्या दिवशी दारासमोरच्या बाकड्यावर बसून राहिली ते रात्री 11 वाजेपर्यंत. आमच्यातली जी सोबत होती ती सांगते, ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आत न्यायच्या आधी दोन शब्द बोलायचे होते." त्या पाच-सहा तासांत तिला ठाऊक नव्हतं की ते शब्द आता कधी बोलायला मिळणार की नाही.

परत आल्यावर तिनेच गटाच्या बैठकीत विषय काढला. म्हणाली, कुणाची चूक म्हणून नाही, पण आपण हिशेब करणाऱ्या बाया. पै-पैचा हिशेब ठेवतो. मग हा हिशेब आपल्याला का आला नाही? तेव्हापासून आम्ही तो शिकलो. आता तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, अंतर. पुणे ते दिल्ली रेल्वेने जायचं तर दीड हजार किलोमीटरांहून जास्त. कारण झेलम एक्सप्रेस पुण्याहून निघाली की दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा असं वळसे घेत जाते. विमानाला घाट नाही, नदी नाही, स्टेशन नाही. लोहगाव ते दिल्ली विमानतळ हवेतलं सरळ अंतर साधारण 1160 किलोमीटर. मुंबईहून दिल्ली आणखी थोडं कमी, 1140 च्या आसपास.

हे सरळ अंतर कसं मोजतात? घागर घ्या. तिच्या पोटावर दोन ठिकाणी कुंकवाचे ठिपके लावा आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणून धरा. दोरा घागरीच्या गोलाईवरून सगळ्यात जवळच्या वाटेने बसतो. पृथ्वी गोल आहे, म्हणून विमानाचं अंतरही असंच ताणलेल्या दोऱ्यासारखं मोजतात. विमान अगदी त्या दोऱ्यावरूनच जातं असं मात्र नाही. आभाळातही ठरवून दिलेले मार्ग असतात, वाटेत मोठं वादळी ढग आलं तर त्याला वळसा घालावा लागतो, उतरायला जागा मोकळी नसेल तर वर घिरट्या घालाव्या लागतात. त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच उडणं होतं.

दुसरी गोष्ट, वेग. प्रवासी जेट विमान वर गेल्यावर ताशी 800 ते 850 किलोमीटर वेगाने जातं, जमिनीपासून 10-11 किलोमीटर उंचीवर. आता भागाकार करा. 1160 ला 830 ने भागलं तर येतो साधारण 1 तास 24 मिनिटं. मग तिकिटावर 2 तास 10 मिनिटं का लिहितात? आम्हालाही हाच प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर असं की तिकिटावरची वेळ ही उडण्याची नसते. विमान जागेवरून हललं तिथपासून ते दिल्लीत जागेवर थांबलं तिथपर्यंतची ती वेळ. धावपट्टीपर्यंत विमान बैलगाडीसारखं सावकाश जातं. तिथे आणखी विमानं रांगेत असतात. वर चढताना वेग कमी, उतरताना कमी. दिल्लीसारख्या गर्दीच्या ठिकाणी उतरल्यावरही जागेपर्यंत जायला बराच वेळ लागतो. ही सगळी मिनिटं धरून 2 तास 10 मिनिटं होतात.

वारा हीसुद्धा एक गोष्ट आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. मुंबईहून कोलकात्याला जाणाऱ्या विमानाला तो पाठीमागून ढकलतो, परत येताना समोरून अडवतो. म्हणून त्याच वाटेने येताना वेळ जास्त लागतो. पुणे-दिल्ली ही वाट दक्षिण-उत्तर, तिथे वारा बाजूने लागतो, त्यामुळे जाण्यायेण्याच्या वेळेत फार फरक पडत नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि हीच आमची खरी शिकवण. विमानाची वेळ वेगळी आणि आपली वेळ वेगळी. आपली वेळ मोजायची दारापासून दारापर्यंत. आपल्या घराची कडी लावली तिथपासून, जिथे जायचंय त्या दाराची कडी वाजवली तिथपर्यंत. आम्ही गटाच्या वहीत एक पान आखलं आहे. ते वाचून दाखवतो, तुम्ही पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या.

घर ते लोहगाव, एसटीने आणि पुढे रिक्षाने, 5 तास. विमानतळावर सुटायच्या वेळेआधी हजर राहायचं, 2 तास. विमान, 2 तास 10 मिनिटं. उतरणं आणि बॅग मिळणं, 40 मिनिटं. दिल्लीत मुक्कामाच्या जागी पोचणं, 1 तास 10 मिनिटं. बेरीज करा. 11 तास. त्यातले विमानाचे 2 तास 10 मिनिटं, म्हणजे पाचवा हिस्सा. बाकीचे चार हिस्से जमिनीवरचे. त्या रात्री आम्ही पाचवा हिस्सा तेवढा मोजला होता.

शेजारी रेल्वेचं पान. घर ते पुणे स्टेशन साडेचार तास. गाडीच्या आधी एक तास. झेलम एक्सप्रेस 28 तास धरा. नवी दिल्ली स्टेशन ते मुक्काम एक तास. बेरीज साडेचौतीस तास. दुरांतो गाडी वीस तासांच्या आसपास नेते, पण ती ठराविक वारीच असते, आपल्या गरजेच्या दिवशी मिळेलच असं नाही.

आता दोन्ही पानं शेजारी ठेवा. रस्त्यात विमान रेल्वेच्या तेरापट लवकर पोचतं. दारापासून दारापर्यंत मोजलं तर तिप्पट. तरीही वाचले किती? साडेतेवीस तास. जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र. हे काही थोडं नाही. पण ते आहेत तेवढेच आहेत, हे ओळखून घर सोडायचं.

अंतर जसं कमी होतं तसा विमानाचा फायदाही कमी होतो, हेही लक्षात ठेवा. पुणे ते नागपूर हवेतून 600 किलोमीटरच्या आसपास. विमान साधारण 1 तास 20 मिनिटांत नेतं. पण घर ते विमानतळ 5 तास, आधीचे 2 तास, पुढचा दीड-दोन तास हे काही कमी होत नाहीत. बेरीज होते दहाच्या आसपास. रात्रीची गाडी धरली तर माणूस झोपून सकाळी पोचतं. आणि पुणे-मुंबई तर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर. तिथे एसटी आणि रेल्वे जिंदाबाद.

गेल्या वर्षी आमच्या गटाला दिल्लीच्या सरस आजीविका मेळ्यात माल मांडायची संधी मिळाली. शेंगदाण्याची चटणी, बाजरीचे पापड, कुरडया, असा मिळून 180 किलो माल. तिघींनी जायचं होतं. आम्ही वहीचं पान उघडलं. माल विमानाने न्यायचा प्रश्नच नव्हता. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर बहुतेक 15 किलोची मोठी बॅग आणि 7 किलोची हातातली पिशवी एवढंच नेता येतं, वर प्रत्येक किलोला पैसे. म्हणून दोघी मालासोबत रेल्वेने गेल्या, दोन दिवस आधी.

तिसरीच्या घरी दोन दुभत्या म्हशी आणि अंथरुणाला खिळलेली सासू. तिला फार तर आठ दिवस घर सोडता येत होतं. रेल्वेने गेली असती तर जाण्यायेण्यातच तीन दिवस गेले असते आणि घरचे म्हणाले असते, राहू दे, दुसरी जाईल. आजवर असंच तर होत आलंय. जिच्या हातची चटणी, ती घरी आणि विकायला दुसरी कुणीतरी. आम्ही बैठकीत हिशेब मांडला. विमानाचा जादा खर्च किती, वाचलेले दोन दिवस किती किमतीचे. शेजारणीला म्हशींचं करायला द्यावी लागणारी मजुरी, डेअरीला कमी पडणारं दूध, सगळं लिहिलं. तरीही विमान महागच पडत होतं. मग फरकातला अर्धा भाग गटाने उचलला, अर्धा तिने. तिकीट दीड महिना आधी काढलं म्हणून ऐनवेळच्या दरापेक्षा पुष्कळ स्वस्त पडलं. ती गेली, सहा दिवस उभी राहून चटणी विकली, आणि आठव्या दिवशी धार काढायला घरी हजर.

तिचा सासरा आधी म्हणाला होता, "बाईच्या येळंला कुठं पैशे पडत्यात?" आम्ही त्यांना भांडून उत्तर दिलं नाही. वहीचं पान वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढे काही बोलले नाहीत, पण लोहगावला सोडायला स्वतः आले.

आता कामाच्या चार-सहा गोष्टी पटपट सांगतो.

तिकीट काढताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच सांगा. माहेरचं असेल तर माहेरचं, सासरचं असेल तर सासरचं. जमलं तर सवड असताना सगळी कागदपत्रं एका नावावर करून घ्या. घरात काही घडल्यावर रात्री बारा वाजता ते काम होत नाही.

तिकिटावर सुटण्याच्या वेळेशिवाय आणखी दोन वेळा शोधा. बॅग घ्यायची खिडकी बंद होण्याची वेळ, ती बहुतेक ठिकाणी एक तास आधी. आणि विमानात चढायचं दार बंद होण्याची वेळ, ती साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी. आपला प्रवास पहिल्या वेळेला गाठायचा असतो, सुटण्याच्या वेळेला नाही. वहीत विमानाची वेळ लिहूच नका, खिडकीची लिहा.

घरूनच मोबाइलवर वेब चेक-इन करता येतं. गावातल्या कॉलेजच्या पोरीला सांगितलं तर पाच मिनिटांचं काम. ते केलेलं असेल आणि जवळ एवढी हातातलीच पिशवी असेल, तर त्या खिडकीवर जावंच लागत नाही, सरळ तपासणीच्या रांगेत. घाईच्या, दुःखाच्या प्रवासाला दोन लुगडी आणि कागदपत्रं पुरतात. आमच्या त्या दोघी मोठी बॅग घेऊन गेल्या होत्या.

हातातल्या पिशवीत सुरी, कात्री, तिखटाची पुडी ठेवू नका, काढून घेतात. सुकं खोबरं तर मोठ्या बॅगेतही चालत नाही, कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही.

न्यायला येणाऱ्याला टर्मिनलचा आकडा सांगा. तो तिकिटावर असतो. दिल्लीत टर्मिनल 3 वरून नवी दिल्ली स्टेशनपर्यंत विमानतळाची मेट्रो आहे, वीस-बावीस मिनिटांत पोचवते. बायकांनी एकटीने जायलाही ती सोयीची.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला जाणं असेल तर धुक्याचे दोन-तीन तास जास्त धरा. अगदी पहाटेची आणि सकाळची विमानं जास्त रखडतात. विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर एवढ्या अंतराच्या प्रवासात कंपनीने खाणंपिणं द्यायचं, असा नियम आहे. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पैसे परत मागता येतात. लाजू नका, खिडकीवर जाऊन विचारा. आणि विमान चुकलंच, तरी तिकिटाच्या पैशातले कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. आम्हाला हे नंतर कळलं. मागितलं तेव्हा मिळालं. सगळे पैसे नव्हेत, पण मिळाले.

मागच्या कार्यक्रमानंतर एका मैत्रिणीने विचारलं होतं, "माझा मुलगा दुबईला जातो. तिकिटावर पहाटे 4 ला निघून पावणेसहाला पोचतो असं लिहिलंय. मग दुबई दिल्लीपेक्षा जवळ का?" नाही ताई. मुंबई ते दुबई अंतर 1900 किलोमीटरहून जास्त आहे, दिल्लीहून पुष्कळ लांब. विमानाला सव्वातीन तास लागतात. पण तिकिटावर निघण्याची वेळ आपल्या घड्याळाची असते आणि पोचण्याची तिथल्या घड्याळाची. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तो तिथे पावणेसहाला उतरतो तेव्हा आपल्याकडे सव्वासात वाजलेले असतात. चारपासून सव्वासात, सव्वातीन तास. तेव्हा त्याचा फोन सहाला आला नाही म्हणून काळजी करत बसू नका. देशातल्या देशात मात्र सगळीकडे घड्याळ एकच, तिथे हा घोळ नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. आमच्या गटाच्या वहीत आता चार पानं आहेत. पुणे, मुंबई, नागपूर आणि दिल्ली. प्रत्येकावर दारापासून दारापर्यंतचे तास, एसटीच्या वेळा, रात्री येणाऱ्या दोन जीपवाल्यांचे नंबर. पेटीत तातडीच्या प्रवासासाठी वेगळी रक्कम ठेवली आहे, तिला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही असा ठराव केला आहे. ही पानं ठेवते तीच, जी त्या दिवशी बाकड्यावर बसून होती. दर तीन महिन्यांनी वेळा बदलल्या का ते तपासते आणि शिसपेन्सिलीने दुरुस्त करते.

मधे शेजारच्या वस्तीवरच्या एकीचा भाऊ मुंबईच्या इस्पितळात होता. रात्री 9 वाजता निरोप आला. ती धावत आमच्याकडे आली. वही उघडली, पान काढलं, 10 वाजता जीप दारात होती. पहाटे ती भावाच्या उशाशी पोचली. भाऊ शुद्धीवर होता. काय बोलली ते आम्ही विचारलं नाही. पण बोलायला मिळालं.

या आठवड्याच्या बैठकीत तुम्हीही एक पान आखा. तुमच्या गावापासून सगळ्यात लांब कुणाचं कोण आहे, ते आधी विचारा. तिथून सुरुवात करा. पुढच्या कार्यक्रमात तुमची बेरीज आम्हाला सांगा.